बोरामकडच्या चिठ्ठ्या

प्योनं सातही चिठ्ठ्या हवालदार योमच्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि त्या उडू नयेत म्हणून दोन्ही तळहात त्यांच्यावर पालथे ठेवले. वारा नव्हताच. चौकीची दारं-खिडक्या घट्ट बंद होती आणि मधोमध शेगडी पेटलेली होती.

हवालदार संत्रं सोलत बसला होता.

"बोला मालक. कॅसेट चोरीला गेली?"

"नाही."

"मग?"

"खून होणार आहे," प्यो म्हणाला. "आमच्या चढावर."

हवालदारानं एक फोड तोंडात टाकली. "कुणाचा?"

"बोरामच्या आईचा."

"आणि करणार कोण?"

प्योनं एकदा मागे दाराकडे बघून घेतलं. "बोरामचे बाबा."

हवालदार चघळता चघळता थांबला आणि मग खो खो हसला. बोरामचे बाबा आणि तो, दोघांनी लष्करातली तीन वर्षं एकाच तुकडीत काढली होती. रविवारी दोघं एकाच खडकावर गळ टाकून बसायचे. हे सगळ्या तोंगयोंग गावाला माहीत होतं, तसं प्योलाही होतं. पण चौकी एकच आणि सकाळच्या वेळी चौकीत माणूसही एकच. अडला हरी, दुसरं काय.

"वाचा तरी," प्यो म्हणाला, आणि तो वाचत नाही हे बघून स्वतःच वाचू लागला. "'ज्यात माणूस नाहीसा होतो आणि शेवटपर्यंत सापडत नाही, असा एखादा द्या.' ही पहिली. मग ही. 'मागच्या सिनेमात झोपेच्या गोळ्या फार लवकर लागू पडल्या, खरं वाटलं नाही. ज्यात नीट दाखवलंय असा आहे का?' आणि ही कालची. 'बोटीत नावं लिहून घेतात. बसमध्ये कुणी विचारत नाही. ज्यात बसनं जातात असा असेल तर शुक्रवारपर्यंत हवा.' म्हणजे काम उरकून पळायचं कसं, तेसुद्धा ठरलंय."

"सिनेमेच मागतोय ना तो?"

"हो, पण..."

"आणि तुम्ही देताय. मग आधी तुम्हालाच आत घालायला हवं." हवालदारानं सालं गोळा करून चिठ्ठ्यांवरच ठेवली. "अहो, बायकोला मारायचं असतं तर तुमच्यासारख्याला विचारून मारली असती का? घरी जा. गरम काहीतरी प्या."

प्योनं सालं बाजूला करून चिठ्ठ्या उचलल्या. एकीवर रसाचा डाग पडला होता. दारापर्यंत जाऊन तो परत वळला.

"त्यांच्याकडे हे बोलू नका."

"छे छे," हवालदार तोंड पुसत म्हणाला. ते 'छे छे' प्योला मुळीच आवडलं नाही.

चढाच्या पायथ्याशी, जिथून एक रस्ता बंदराकडे आणि दुसरा बस अड्ड्याकडे जातो, तिथे प्योचं सिनेमाच्या कॅसेटी भाड्यानं द्यायचं दुकान होतं. पुढच्या फळ्यांवर रडवणारे आणि हसवणारे सिनेमे असायचे आणि दुकान त्यांच्यावरच चालायचं. मागच्या भिंतीला मात्र एक फळी होती, तिला तो स्वतःच अनाथाश्रम म्हणायचा. चाळीसेक कॅसेटी. खुनाचे, अपहरणाचे, पाठलागाचे सिनेमे. नट कुणी ओळखीचे नाहीत. काही तर थिएटरात तीन दिवसही टिकले नव्हते. प्यो एरवी इतका भित्रा की न्हाव्यानं वस्तरा उघडला की डोळे मिटून घ्यायचा, पण पडद्यावरचा खून बघताना त्याचा भाताचा वाडगा हातातून सुटत नसे. या फळीवरच्या प्रत्येक डबीत त्यानं स्वतःच्या हातची शिफारस घातली होती. एकीत लिहिलं होतं, 'पहिली वीस मिनिटं कंटाळा येईल. उठू नका. एकविसाव्या मिनिटाला तुम्ही उठाल ते दाराची कडी बघायला.' नऊ वर्षांत ही फळी चाचपणारी गिऱ्हाइकं मिळाली ती जेमतेम चार. त्यातला दातांचा डॉक्टर सोल शहरात गेला आणि एक रिटायर मास्तर वारले.

आणि मग शरद ऋतूत 'बोरामकडचे' सुरू झाले.

आमच्या चढावर खातं घरातल्या पोराच्या नावानं उघडायची रीत आहे. वहीत 'बोरामकडचे' एवढंच लिहायचं आणि पुढे फोन नंबर. घरातलं नेमकं कोण बघतं हे कुणी विचारत नाही. मोठ्या माणसांना नावानं हाक मारायची पद्धतच नाही. पोर झालं की बाप बोरामचे बाबा होतो आणि आई बोरामची आई. चढावरच्या म्हाताऱ्या तिला योकजीवाली म्हणायच्या, कारण तिचं माहेर योकजी बेटावर होतं. तिचं खरं नाव काय ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

बोरामचे बाबा जहाजांच्या कारखान्यात फोरमन होते. संध्याकाळी डोक्यावरचं हेल्मेट काखेत धरून दुकानाच्या दारात उभे राहायचे, "बोरामकडचं," एवढंच म्हणायचे आणि पिशवी दोन्ही हातांनी अदबीनं घ्यायचे. बघून झालेली कॅसेट सकाळी कामावर जाताना दाराजवळच्या पेटीत टाकायचे. तिच्या डबीत, कागदाच्या आवरणामागे, घडी केलेली चिठ्ठी असायची. प्योनं मनाशी हिशेब केला तो असा: नेतो बाप, म्हणजे बघतो बाप. सुऱ्या-कोयत्यांचे सिनेमे कुठली बाई बघते? अक्षर बारीक आणि सुबक होतं, पण जो माणूस दिवसभर पोलादावर खुणा करतो त्याचं असणारच.

प्यो हरखून गेला होता. नऊ वर्षांनी त्या फळीला जाणकार मिळाला होता. तोही पानभर उत्तरं लिहायचा. 'यातल्या माणसाची एकच चूक झाली, ती बुटांची. नाहीतर जन्मात सापडला नसता.' हे वाक्य आपण लिहायला नको होतं, असं आता त्याला वाटायचं. कारण तीन आठवड्यांत बोरामची आई कुणाला दिसली नव्हती. शेवटची दिसली ती मोड आलेली कडधान्यं विकणाऱ्या आजीच्या टोपलीपाशी, हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळलेली, एका डोळ्याखाली पिवळं-निळं झालेलं. पायऱ्यांवरून घसरले, म्हणाली. पायऱ्या आमच्याकडे खूप आहेत, त्यामुळे सगळ्यांना ते लगेच पटलं.

चौकीतून आल्यावर प्योनं समोरच्या चिनी खानावळीतून तिखटजाळ रश्श्याच्या शेवया मागवल्या आणि अर्ध्या तशाच ठेवल्या. दीड वाजता त्यानं वही उघडून फोन फिरवला. या वेळी बाबा कारखान्यात असतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. पाचव्या घंटेला फोन उचलला गेला.

"बोरामकडे का?"

"हो."

"मी खालचा प्यो. कॅसेटवाला."

"ते कामावर गेलेत."

"माहितेय. तुमच्याशीच बोलायचंय, बोरामच्या आई." त्यानं आवाज खाली आणला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी आणला. "घाबरू नका. पण जेवणात काही वेगळं लागलं तर थुंकून टाका. आणि मुलीला घेऊन चार दिवस कुठे जाता आलं तर जा. तुमचे यजमान माझ्याकडून जे सिनेमे मागवतात ना..."

"बोरामचे बाबा सिनेमे बघत नाहीत."

"अहो, पण ते तर नेतात."

"मी खाली उतरलेलं त्यांना चालत नाही, म्हणून ते आणतात. डबी उघडूनसुद्धा बघत नाहीत. चिठ्ठ्या मी लिहिते."

प्योनं समोरच्या वहीकडे बघितलं. बोरामकडचे. अक्षर त्याचं स्वतःचंच होतं.

"मालक," ती म्हणाली, "हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंत?"

प्योनं वही मिटली.

"सांगितलंत का कुणाला?"

"हवालदार योमना. सकाळी, दहाच्या सुमाराला."

पलीकडे शेगडीवर काहीतरी उकळत असल्याचा आवाज येत होता, आणि एक लहान मुलगी शाळेतली कविता म्हणत होती.

"मला शनिवारपर्यंत वेळ हवा होता," बोरामची आई म्हणाली. रागानं नाही, रडूनही नाही. कॅसेट मधेच अडकते अशी तक्रार करणारं गिऱ्हाईक बोलतं, तशी ती बोलली. मग म्हणाली, "तुमचे सिनेमे चांगले होते," आणि तिनं फोन ठेवला.

प्योनं रिसीव्हर ठेवला. आयुष्यभर तो भ्याला होता, पण ते सगळं भिणं स्वतःसाठी. आत्ताची भीती वेगळी होती. आपण केलेल्या कामाची भीती होती ती, आणि तिच्यापासून पळून जायला जागा नव्हती. खिशातल्या चिठ्ठ्या काढून त्यानं बारीक फाडल्या, उरलेल्या लालभडक रश्श्यात बुडवल्या, चॉपस्टिकनं लगदा होईपर्यंत ढवळल्या आणि भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून नेहमीसारखं दाराबाहेर ठेवलं. खानावळीचा माणूस येऊन घेऊन गेला. अडीच वाजायला पाच मिनिटं होती.

दारावरची घंटी वाजली. बोरामचे बाबा आत आले. काखेत हेल्मेट नव्हतं. त्यांनी पायपुसण्यावर बूट नीट पुसले, आधी उजवा, मग डावा.

"आज लवकर?" प्यो म्हणाला.

"योम जेवायला आला होता कारखान्याच्या कँटीनमध्ये," ते म्हणाले. आवाज मऊ होता. "म्हणाला, तू बायकोला मारणार आहेस म्हणे. सगळं टेबल हसलं. मीपण हसलो."

प्योही हसला. तसा प्रयत्न तरी त्यानं केला.

"मग येताना बसमध्ये विचार करत होतो. चिठ्ठ्या तर मी लिहीत नाही." त्यांनी गल्ल्यावर दोन्ही हात ठेवले. "दाखवा."

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"मीच लिहिल्या होत्या." बोलून गेल्यावर प्योला कळलं आपण काय बोललो ते. पण शब्द आपोआप पुढे सरकत गेले. "काय सांगू, बोरामचे बाबा. त्या मागच्या फळीला कुणी विचारत नाही. तुमच्याकडून तर नुसतं, काहीही पाठवा, एवढंच. मग मीच चिठ्ठी लिहायची, मीच उत्तर लिहायचं. एकट्या माणसाचे चाळे. सिनेमे बघून बघून डोकं फिरलंय माझं. सकाळी स्वतःच लिहिलेलं वाचलं, तेच खरं वाटलं आणि चौकीत जाऊन उभा राहिलो."

बोरामच्या बाबांनी त्याच्याकडे बघितलं. घृणेनं बघितलं, आणि प्योला त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं.

"मी कुठले कुठले नेले?"

"सिनेमे? सहा."

"दाखवा."

मागच्या फळीकडे जायला बारा पावलं होती. बोरामचे बाबा फळीसमोर उभे राहिले, आणि प्यो मुद्दाम फळी आणि ते यांच्यामध्ये शिरला, पाठ भिंतीला लावून. त्यामुळे त्यांची पाठ दुकानाच्या काचेकडे झाली. काचेवर पोस्टरं चिकटवलेली होती. दोन पोस्टरांच्या मधल्या फटीतून चढाच्या शेवटच्या चार पायऱ्या दिसायच्या.

"हा पहिला," प्यो म्हणाला. "खाणीच्या गावातला. एक कारकून एक दिवस कामावर येत नाही. सगळे म्हणतात, पडला असेल आजारी."

"पुढे?"

"पुढे त्याची खुर्ची दुसऱ्याला देतात. मजा अशी आहे की सिनेमा त्या कारकुनाचा नाहीच, खुर्चीवर जो बसतो त्याचा आहे. पहिल्यांदा बघताना लक्षात येत नाही." नवख्या पण धीट गिऱ्हाइकाला शिफारस करताना यायचा तोच सूर त्यानं ओढूनताणून आणला. "धीर धरणाऱ्याचा सिनेमा आहे. हा दुसरा, यात परिचारिका आहे. गोळ्या हिच्याच. छायाचित्रण बघाल तर पायरीपायरीनं अंधार वाढत जातो, पण इतका हळू..."

"गोळ्यांचं काय होतं?"

"ज्याला द्यायच्या त्याला देत नाही, स्वतःच घेते."

हे खोटं होतं. बाबांनी डबी उघडली, आत प्योच्या शिफारशीशिवाय काही नाही हे बघितलं आणि पुढच्या डबीसाठी हात पुढे केला. प्यो सांगत गेला. तिसऱ्यात त्यानं सावकाश अख्खा पाठलाग सांगितला, कुठल्या गल्लीतून कुठल्या गल्लीत, त्यासकट. चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. चौथी डबी त्यांच्या हातात देताना त्याला फटीतून दोन जोडी पाय दिसले.

पायऱ्यांवरून बोरामची आई उतरत होती. हातात ना बोचकं ना बॅग, बाजाराला निघावी तशी. बोरामच्या पाठीला मात्र शाळेचं दप्तर होतं आणि ते फुगलेलं होतं. शेवटच्या पायरीवर बोराम थांबली. तिला दुकानाच्या काचेवरचं हसऱ्या कुत्र्याचं पोस्टर आवडायचं. ती काचेपाशी आली, नाक चेपून तिनं फटीतून आत बघितलं, आणि तिला तिच्या बाबांची पाठ दिसली.

"यात काय आहे?" बाबांनी विचारलं.

पोरीचं तोंड उघडलं होतं. मागून मफलर गुंडाळलेली बाई वाकली, तिनं पोरीच्या तोंडावर अलगद हात ठेवला आणि तिला काचेपासून दूर घेतलं. तिनं आत बघितलंच नाही. दोघी उजवीकडे वळल्या.

"विचारतोय मी."

"यात," प्यो म्हणाला, "यात एक माणूस खोटं बोलतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बाकी काहीच घडत नाही. पण तुमच्यासारख्यानं बघावा."

बाबांनी डबी जागेवर ठेवली. पाचव्या आणि सहाव्या सिनेमाकडे त्यांनी धड बघितलंही नाही. ते कसला तरी विचार करत होते आणि तो विचार त्यांच्या मानेवर शीर होऊन वर आला होता.

"योम म्हणत होता, बोटीचंही काहीतरी होतं. शेवटच्या चिठ्ठीत. त्याला धड आठवत नव्हतं. बोटीत नावं लिहितात, असं काहीसं."

दुकानात भिंतीवरचं घड्याळ होतं आणि प्योला त्याच्याकडे बघायचं नव्हतं. योकजीची शेवटची बोट तीनला सुटायची. जिंजू शहराची बस तीन दहाला.

"हो," तो म्हणाला. "तो सिनेमा अजून दिला नाही तुम्हाला."

"सांगा."

प्योनं फळीवरची हाताला लागली ती कॅसेट उचलली. ती कशाची आहे हे त्यानं बघितलंही नाही.

"एक बाई असते. नवरा चांगला, कमावता. पण बाईचं लक्ष लागत नाही. माहेर बेटावर असतं तिचं. आई म्हातारी झालेली. शेवटी बाईमाणूस जाऊन जाणार कुठे? माहेरीच."

"बोटीनं."

"बेटावर दुसरं काय जातं? सकाळच्या बोटीला गर्दी असते, ओळखीचे भेटतात. म्हणून ती दुपारची धरते. शेवटची. तिकिटाच्या खिडकीवर नाव लिहावं लागतं, तिथेच तिचा घोळ होतो."

बोरामच्या बाबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग प्योकडे बघितलं, खूप वेळ. आपण एकट्या माणसाचे चाळे ऐकतोय की आणखी काही, हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं, असं त्या क्षणी प्योला वाटलं. ते मारतील म्हणून तो वाट बघत राहिला.

"सापडते का?" त्यांनी विचारलं.

"समुद्रात असलेली बाई पळणार कुठे?" प्यो म्हणाला.

त्यांनी त्याच्या हातातली कॅसेट काढून घेतली, फळीवर सरळ लावली आणि बाजूच्या डब्यांशी तिची कड जुळवली. दारापाशी पोचल्यावर वळून त्यांनी किंचित मान झुकवली. बाहेर पडून ते वर घराकडे गेले नाहीत. ते डावीकडे वळले, बंदराकडे, आधी चालत आणि मग धावत.

घड्याळात तीनला आठ मिनिटं कमी होती. प्यो गल्ल्याला धरून उभा राहिला. बंदरापर्यंत सात मिनिटं. खिडकीवरच्या यादीत नाव नाही हे कळायला दोन. परत येताना बस अड्ड्याचा रस्ता या दुकानावरूनच जातो. कारखान्यातला दणकट माणूस, धावत आला तर तीन सातला इथे. आणि इथून अड्डा तीन मिनिटांवर.

त्यानं धडपडत जाऊन शटरची साखळी धरली. शटर ओढायचं, आतून कुलूप घालायचं, दिवे मालवून मागच्या खोलीत जाऊन बसायचं. अर्ध्यापर्यंत शटर खाली आलंसुद्धा. मग तो साखळी धरून तसाच थांबला. दुकान बंद दिसलं तर बोरामचे बाबा न थांबता सरळ पुढे जातील. उघडं दिसलं, आत प्यो दिसला, तर आधी इथे येतील.

प्योनं शटर परत वर ढकललं. भर दुपारी पाटीचे दिवे लावले. मग स्टूल ओढून तो अगदी दारात, बंदराकडच्या रस्त्यावरून दिसेल असा बसला, आणि त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला.